वाचकांचे प्रश्न : हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा का जाते?

इंजिन गरम होण्याविषयी गेल्या दोन महिन्यांत इतकी पत्रे आली की या अंकात सदराची सगळी जागा हेड गॅस्केटलाच द्यावी असे ठरवले. सिलिंडर असलेला इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, त्यावर बोल्टने आवळलेला वरचा भाग म्हणजे हेड, आणि त्या दोहोंच्या मध्ये बसून ज्वलनाचा दाब, पाणी आणि ऑइल अडवणारा पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. बहुतेक पत्रे अशा गाड्यांविषयी आहेत ज्यांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे आहे. एकसारख्या प्रश्नांपैकी पाच निवडले असून पत्रलेखकांची नावे देण्याऐवजी केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माझी डिझेल पिकअप आहे. कोल्हापूरहून गूळ आणि भाजीपाला घेऊन वैभववाडीकडे उतरतो आणि येताना चिरे भरून करूळ घाट चढतो. दोन वर्षांत हेड गॅस्केट तीनदा बदलले. गॅस्केटच हलके निघाले, असे मिस्त्री दर वेळी सांगतात. दुसऱ्या वेळी त्यांनी थर्मोस्टॅटही (पाण्याच्या मार्गातली, तापल्यावर उघडणारी झडप) काढून टाकला, म्हणजे पाणी मोकळे फिरेल आणि इंजिन थंड राहील. तरीही तिसऱ्यांदा तेच झाले. कोणते गॅस्केट घ्यावे? (गगनबावडा)

उत्तर : कोणते गॅस्केट घ्यावे याचे उत्तर एका वाक्यात देता येते : गाडीच्या कंपनीने त्या इंजिनासाठी सांगितलेले, योग्य जाडीचे. पण आपला खरा प्रश्न तो नाही. एकाच इंजिनात तीन गॅस्केटे एकामागून एक जातात तेव्हा दोष बहुधा दुसरीकडे असतो आणि गॅस्केट त्याची किंमत मोजत असते.

बीड आणि अॅल्युमिनियम या दोन धातूंचा स्वभाव आधी समजून घेऊ. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सुमारे ४०० मिलिमीटर लांबीचे हेड ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि त्याला मोकळेपणाने वाढू दिले, तर ते लांबीत साधारण अर्धा मिलिमीटर वाढते. खालचा बिडाचा ब्लॉक तेवढ्याच तापमानात पाव मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणजे इंजिन प्रत्येक वेळी तापते आणि निवते तेव्हा हेड ब्लॉकवर किंचित सरकते, आणि त्या दोहोंच्या मध्ये दाबले गेलेले गॅस्केट ही घासाघीस सोसते. जुन्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचे हेडही बिडाचेच होते, त्यामुळे ती गाडी पाणी उकळल्यावरही बरेच सहन करायची, तर अॅल्युमिनियम हेडच्या पद्मिनीला तेवढी मुभा नव्हती, हे त्या काळात दोन्ही गाड्या चालवलेल्यांना आठवत असेल. आजच्या बहुतेक गाड्या या बाबतीत पद्मिनीच्या वंशातल्या आहेत.

नेहमीच्या तापमानातली ही घासाघीस चांगले गॅस्केट वर्षानुवर्षे सोसते. संकट येते ते इंजिन मर्यादेबाहेर तापल्यावर. हेड जाडीतही वाढू पाहते, पण पोलादी बोल्ट तितके वाढत नाहीत. त्यामुळे बोल्टखालचे अॅल्युमिनियम आणि गॅस्केट दोन्ही प्रमाणाबाहेर दाबले जातात. शिवाय हेडचा मधला भाग अधिक तापतो, त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि तो उचलला जातो. निवल्यावर धातू पूर्ववत होत नाही : बोल्टची पकड सैल पडते आणि हेड वाकलेले राहते. मग एखाद्या घाटात ज्वलनाच्या दाबाला दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवरून वाट सापडते. गॅस्केट त्या दिवशी गेले असे आपण म्हणतो, पण बिघाड त्याआधीच्या एखाद्या उकळीत झालेला असतो.

आता आपल्या गाडीकडे वळतो. सर्वप्रथम रेडिएटर बाहेरून तपासावा. गळीत हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर उसाचे पाचट आणि कारखान्यांच्या परिसरात बगॅसचा भुसा उडत असतो. मागे माझ्याकडे अशीच एक पिकअप आली होती. पाणी पुरेसे होते, पंप चांगला होता, तरी चढावर काटा वर जायचा. पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसत होती. पण एसीचा कंडेन्सर सोडवून पुढे ओढल्यावर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत पाचट, धूळ आणि किडे यांचा नमद्यासारखा घट्ट थर निघाला. दोन्ही हातांनी धरून तो एका तुकड्यात उचलता आला. खालच्या निम्म्या रेडिएटरमधून वारा जातच नव्हता. पुढून पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने असा थर निघत नाही, उलट आत घट्ट बसतो आणि नाजूक पात्या वाकतात. हंगाम संपल्यावर एकदा तरी कंडेन्सर सैल करून, इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाने धुवावे.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची, आणि इथे मी आपल्या मिस्त्रींशी स्पष्टपणे असहमत आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामे करतो : तापल्यावर रेडिएटरकडचा मार्ग उघडतो आणि त्याच वेळी इंजिनातल्या इंजिनात पाणी फिरवणारा बायपास मार्ग बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात शिरतो. सपाटीवर, रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही, उलट काटा खाली राहतो म्हणून समाधान वाटते. पण चिरे भरून घाट चढताना, नेमकी गरज असते तेव्हा, रेडिएटरला पुरेसे पाणी मिळत नाही. थंड राहिलेल्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि ऑइल लवकर खराब होते, ते निराळेच. थर्मोस्टॅट अडकत असेल तर त्याच तापमानाचा नवा बसवावा. बसवण्याआधी दोऱ्याने बांधून पाण्याच्या भांड्यात सोडावा आणि पाणी तापवत तो कधी उघडतो ते पाहावे. उघडण्याचे तापमान त्याच्यावरच कोरलेले असते.

रेडिएटरचे झाकण लोक सर्वांत स्वस्त वस्तू म्हणून विसरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. ०.९ बारचे झाकण आतला दाब धरून ठेवते म्हणूनच ते ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात निम्मे कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे द्रव) असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग दमली की ही सगळी राखीव ताकद निघून जाते आणि हेडच्या सर्वांत तापलेल्या भागाशी वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी वाहून नेऊ शकत नाही. फॅनला चिकट द्रवाचा क्लच असेल तर इंजिन तापलेले आणि बंद असताना पाते हाताने फिरवून पाहावे. विरोध न होता ते भिरभिरत राहिले तर क्लच गेला असे समजावे.

चालवण्याविषयी एकच सांगतो. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये घरघरत चढवू नये. खालच्या गिअरमध्ये फेरे वाढले की पाण्याचा पंप आणि बेल्टवर चालणारा फॅन दोन्ही जोरात फिरतात आणि सिलिंडरवरचा ताण कमी होतो. घाटमाथ्यावर आल्यावर लगेच इंजिन बंद न करता दोन मिनिटे तसेच चालू ठेवावे.

आणि शेवटी, तीन वेळा हेड उतरवले तेव्हा त्याची सपाटी कोणी मोजली का? मोजली नसेल तर आता उतरवताना हेड यंत्रशाळेत पाठवून सपाटी, व्हॉल्व्हच्या मधल्या जागेतल्या बारीक भेगा आणि धातूचा कडकपणा या तिन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात. बरेच तापलेले अॅल्युमिनियम मऊ पडते. अशा हेडवर बोल्टची पकड टिकत नाही आणि कितीही भारी गॅस्केट घातले तरी ते जाते. फेसिंग (हेडची खालची बाजू यंत्रावर घासून सपाट करणे) करण्याआधी, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची घरे सरळ रेषेत आहेत का तेही पाहायला सांगावे, कारण हेड धनुष्यासारखे वाकले असेल तर केवळ खालची बाजू घासून सपाट केल्याने वरची बाजू सरळ होत नाही आणि कॅमशाफ्ट अडकून तुटू शकतो. आपले इंजिन डिझेलचे असल्यामुळे पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून त्यानुसार गॅस्केटची जाडी निवडावी लागते. बऱ्याच डिझेल गॅस्केटांच्या कडेला त्यासाठी खाचा किंवा भोके असतात. जुन्या गॅस्केटवरच्या खाचा मोजून तेवढ्याच खाचांचे नवीन घेणे हे किमान पथ्य, पण मोजमाप केलेले केव्हाही चांगले.

प्रश्न : कूलंट महाग पडते म्हणून मी रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंटची गरज काय? आणि हिरवे घ्यावे की लाल? (जयसिंगपूर)

उत्तर : आपण शिरोळ तालुक्यातले आहात, तेव्हा क्षार काय करतात हे मी आपल्याला सांगायला नको. जमीन पांढरी करणारे तेच पाणी इंजिनात गेले की तापलेल्या भागावर त्याचा कठीण थर बसतो. थर पातळ असला तरी धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. शिवाय अॅल्युमिनियम, बीड आणि मध्ये क्षारयुक्त पाणी अशी रचना जवळजवळ एखाद्या बॅटरीसारखी वागते आणि त्यात झिजते ते अॅल्युमिनियम. हेड उतरवल्यावर पाण्याच्या भोकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात ते याचमुळे. ती झीज गॅस्केटच्या कड्यापर्यंत पोचली की पाणी सिलिंडरमध्ये शिरायला उशीर लागत नाही.

गोठणे रोखणे हे कूलंटच्या अनेक कामांपैकी एक आहे. उत्कलनबिंदू वाढवणे आणि गंज रोखणे ही दोन कामे आपल्या हवेत अधिक महत्त्वाची आहेत. गंजरोधक द्रव्ये हळूहळू संपतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये साधारण दोन वर्षांत, सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या दीर्घायुषी कूलंटमध्ये सुमारे पाच वर्षांत. रंगावर विश्वास ठेवू नये, कारण रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला आहे तो घ्यावा आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. बाटलीवर तयार मिश्रण लिहिले असेल तर त्यात पाणी घालायचे नाही. घट्ट कूलंट असेल तर निम्मे क्षारमुक्त पाणी घालावे. बॅटरीत भरायचे पाणी पेट्रोल पंपावर सहज मिळते आणि ते या कामाला चालते. मात्र बाटली आम्लाची नाही याची खात्री करावी.

भरताना हवा अडकू देऊ नये. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश भरावे, इंजिन चालवून निवू द्यावे आणि पातळी पुन्हा पाहावी. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची पद्धत अजून कुठे कुठे आहे. ती हळद रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसते. कृपया टाकू नये.

प्रश्न : मी उद्यमनगरात तीन वर्षे इंजिनकाम शिकतो आहे. आमचे उस्ताद हाताच्या अंदाजाने हेड आवळतात आणि जुनेच बोल्ट वापरतात. त्यांचे काम टिकते. मग टॉर्क रेंच (पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजून आवळणारा पाना) आणि नवे बोल्ट यांचा आग्रह का? (कोल्हापूर)

उत्तर : आपल्या उस्तादांच्या हाताचा मला आदर आहे. बिडाचे हेड असलेली तेलइंजिने या हातांनी वर्षानुवर्षे चालवली आहेत. पण अॅल्युमिनियमचे हेड आणि पोलादी थरांचे गॅस्केट यांना अंदाज पुरत नाही, आणि याचे कारण कौशल्यात नसून घर्षणात आहे. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. आटे थोडे गंजलेले किंवा कोरडे असले की हाताला तोच जोर जाणवतो, पण पकड मात्र बरीच कमी बसते. म्हणूनच अनेक इंजिनांत आधी थोडा टॉर्क आणि मग ठरावीक कोन, उदाहरणार्थ ९० अंश आणि पुन्हा ९० अंश, अशी पद्धत देतात. असे बोल्ट लवचिकतेच्या मर्यादेपलीकडे ताणले जातात. त्यांतले बहुतेक एकदाच वापरायचे असतात, आणि काहींची लांबी मोजून पुन्हा वापरायचे की नाही ते ठरवायचे असते. आपल्या इंजिनाची पुस्तिका काय सांगते तेच प्रमाण. एककही नीट वाचावे : आपण गॅरेजमध्ये ज्याला ‘आठ किलो’ म्हणतो ते सुमारे ७८ न्यूटन-मीटर, आणि ६० फूट-पाउंड म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. एकाचा आकडा दुसऱ्याच्या रेंचवर लावल्याने फुकट गेलेली हेडे मी पाहिली आहेत.

शिकत असताना माझ्याकडूनही एक मोठी चूक झाली आणि ती आपल्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत ऑइल साचले होते. ते न पुसता मी बोल्ट आत घातले आणि टॉर्क रेंचने व्यवस्थित आवळले. आकडा बरोबर आला, पण बंद भोकातले तेल कुठे जाणार? बोल्टने ते पिचकारीसारखे दाबले आणि ब्लॉकला भोकापासून तडा गेला. मालकाचे नुकसान माझ्या उस्तादांनी भरून दिले. तेव्हापासून मी प्रत्येक भोक हवेने आणि कापडाने कोरडे केल्याशिवाय, आणि बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जातो हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड असावे आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे, दोन-तीन टप्प्यांत सैल करावेत. बसवताना मध्याकडून कडेकडे. गॅस्केटचे अवशेष काढायला फिरणारी घासचकती वापरू नये. ती अॅल्युमिनियममध्ये डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडते आणि तिची कठीण पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. प्लास्टिकची पट्टी, द्रावक आणि धीर एवढे पुरते. मग स्ट्रेट एज (अचूक सरळ धारेची पोलादी पट्टी) हेडवर चार कडांनी आणि दोन कर्णांवर उभा धरून, मागे दिवा ठेवून पाहावे. प्रकाशाची रेघ दिसली तिथे ०.०५ मिलिमीटरचे फिलर गेज (फट मोजायचे पातळ पाते) घालून पाहावे. अनेक इंजिनांत ते आत गेले की फेसिंग लागते, नेमकी मर्यादा पुस्तिकेतून घ्यावी. ब्लॉकचा माथाही तसाच तपासावा, तो बहुतेक जण विसरतात. काचेवर एमरी पेपर ठेवून हेड घासण्याची सवय सोडावी. पोलादी थरांच्या गॅस्केटला साधारण ०.८ मायक्रॉनपेक्षा गुळगुळीत पृष्ठ लागते आणि ते चांगल्या फेसिंग यंत्रावरच मिळते. आपल्या गावात अशा यंत्रशाळा आहेत, तेव्हा सबब नाही. हेड मात्र ठरवून दिलेल्या किमान उंचीपेक्षा कमी होईल इतके घासू नये. अशा गॅस्केटवर पुस्तिकेने सांगितलेल्या जागा सोडून कुठेही पेस्ट लावू नये.

प्रश्न : मागच्या रविवारी आंबा घाट चढताना आमच्या कारचा तापमानाचा काटा लालजवळ गेला. मी गाडी थांबवली, पण पुढे काय करावे ते सुचले नाही. (गारगोटी)

उत्तर : थांबलात हे उत्तम केले. काटा वर सरकू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात ठेवावा. हीटरही एक लहान रेडिएटरच आहे, आतल्यांना उकडले तरी इंजिनाची उष्णता बाहेर पडते. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ दिसली तर मात्र सुरक्षित जागी लगेच थांबून इंजिन बंद करावे. झाकण अर्धा-पाऊण तास तरी उघडू नये. उकळते पाणी कारंज्यासारखे उडून तोंड आणि हात भाजतात. झऱ्याचे थंडगार पाणी तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या आत ओतू नये. अॅल्युमिनियमला तडा जायला एवढे निमित्त पुरते.

एक धोका लोकांना माहीत नसतो. पाणी पूर्ण गळून गेले की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. काटा उतरला म्हणजे इंजिन निवले, असे समजून गाडी दामटू नये. हीटर पूर्ण गरमवर असून थंड हवा येऊ लागली तर पाणी संपल्याचे ते चिन्ह असते. निवल्यावर पाणी भरून गळती दिसली नाही आणि काटा स्थिर राहिला तरच सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जावे, अन्यथा गाडी ओढून न्यावी. ओढून नेण्याचा खर्च हेडच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

प्रश्न : पावसाळ्यात ऑइल भरण्याच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट थर दिसला. गॅरेजमध्ये गॅस्केट गेले म्हणून हेड उतरवायला सांगत आहेत. उतरवू का? (राधानगरी)

उत्तर : एवढ्यावरून उतरवू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत, विशेषतः आपल्याकडच्या ओल्या हवेत, इंजिन पुरेसे तापत नाही आणि आतली वाफ झाकणाखाली जमून असा थर धरते. डिपस्टिक काढून पाहावी. तिच्यावरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी महिनाभर घटली नसेल, तर गाडी एकदा कोल्हापूरपर्यंत सलग चालवून आणावी आणि झाकण पुसून पुन्हा पाहावे.

डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल असेल, कूलंट गळतीशिवाय कमी होत असेल किंवा इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, तर संशय खरा धरावा. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळ) दगडासारखा घट्ट झाला, तर पाण्यात ज्वलनाचा वायू शिरतो आहे. तरीही हेड उतरवण्याआधी गॅरेजकडून रसायनाची चाचणी करून घ्यावी : रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रवातून ओढतात आणि तिच्यात ज्वलनाचा वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. त्या वेळी आपण स्वतः शेजारी उभे राहून रंग पाहावा.